गाउस नियम व दंडगोलाकार संवाहकांचे विद्युत् क्षेत्र

कोणत्याही बंद पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण विद्युत् स्रोत हा त्या पृष्ठाच्या आत असलेल्या एकूण विद्युत् भाराच्या सम प्रमाणात असतो, या नियमाला गाउस नियम म्हणतात. पृष्ठाचा आकार कसाही असो व आतील भार कोठेही असो, नियम तोच राहतो. भाराच्या मांडणीत पुरेशी सममिती असल्यास या एकाच विधानावरून त्याच्याभोवतीचे विद्युत् क्षेत्र दोन-चार ओळींत काढता येते. गोल, सपाट पत्रा व लांब दंडगोल ही अशा मांडण्यांची तीन प्रमुख उदाहरणे होत. यांपैकी दंडगोल व्यवहारात सर्वाधिक आढळतो, कारण तार म्हणजे लांब दंडगोलच होय. उच्च दाबाच्या प्रेषण तारा, भूमिगत केबल, किरणोत्सर्ग मोजणारी गणित्रे व धुराड्यातील राख पकडणारी साधने या सर्वांचे अभिकल्प (आराखडे) याच गणितावर आधारलेले असतात. शेतावरून गेलेल्या उघड्या तारेपासून किती दूर राहावे, या प्रश्नाच्या मुळाशीही हेच गणित आहे.

इतिहास : दोन विद्युत् भारांतील प्रेरणा त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम शार्ल ऑग्यूस्तीन द कूलंब या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८५ मध्ये प्रयोगाने प्रस्थापित केला. त्यापूर्वी १७७३ मध्ये हेन्‍री कॅव्हेंडिश यांनी विद्युत् भारित पोकळ गोलाच्या आत भार मुळीच आढळत नाही, असे दाखवून हाच निष्कर्ष काढला होता; परंतु त्यांचे हे कार्य अप्रकाशितच राहिले व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ते १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षणाची प्रेरणाही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने प्रस्तुत नियमाचे गणित प्रथम त्या संदर्भात पुढे आले. झोझेफ ल्वी लाग्रांझ यांनी १७७३ मध्ये आणि जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीड्रिख गाउस (१७७७–१८५५) यांनी १८१३ मध्ये त्याचा विचार केला. पुढे मॅक्सवेल यांच्या विद्युत् चुंबकीय सिद्धांताच्या चार मूलभूत समीकरणांत गाउस नियमाला स्थान मिळाले.

नियमाचे स्वरूप : विद्युत् क्षेत्र हे बलरेषांनी दर्शविण्याची प्रथा मायकेल फॅराडे यांनी पाडली. बलरेषा धन भारापासून निघतात व ऋण भारावर संपतात. मोकळ्या अवकाशात त्या मधेच उत्पन्न होत नाहीत की नाहीशा होत नाहीत. विहिरीतील झऱ्याभोवती कोणत्याही आकाराचे जाळे गुंडाळले, तरी त्यातून दर मिनिटास बाहेर पडणारे पाणी झऱ्यातून येणाऱ्या पाण्याइतकेच असणार. जाळे मोठे असेल, तर दर चौरस सेंटिमीटरमधून जाणारे पाणी कमी होईल इतकेच. बलरेषांची गोष्ट तशीच आहे. पृष्ठाच्या लहान भागाचे क्षेत्रफळ व त्या भागाला लंब दिशेतील विद्युत् क्षेत्र यांच्या गुणाकारास त्या भागातून जाणारा विद्युत् स्रोत म्हणतात. संपूर्ण बंद पृष्ठावर ही बेरीज केली असता,

एकूण स्रोत = भ ÷ अ

असे मिळते. येथे भ हा पृष्ठाच्या आतील एकूण भार (कूलंबांमध्ये) आणि अ हा निर्वाताचा विद्युत् पारकता स्थिरांक असून त्याचे मूल्य मीटर-किलोग्रॅम-सेकंद पद्धतीत ८.८५ × १०⁻¹² आहे. हवेसाठी हेच मूल्य चालते. पृष्ठाबाहेरील भारांमुळे पृष्ठावरील क्षेत्र बदलते. परंतु त्यांच्या जितक्या बलरेषा पृष्ठातून आत जातात तितक्याच बाहेर पडत असल्याने एकूण स्रोतात त्यांची भर पडत नाही.

संवाहकातील स्थिती : संवाहकातील इलेक्ट्रॉन मोकळे असल्यामुळे आत थोडेही क्षेत्र असल्यास ते हलतात व क्षेत्र नाहीसे होईपर्यंत हलत राहतात. म्हणून समतोल स्थितीत संवाहकाच्या अंतर्भागातील क्षेत्र शून्य असते. पृष्ठाच्या किंचित आत एक बंद पृष्ठ कल्पिल्यास त्यातून जाणारा स्रोत शून्य येतो, म्हणजे आतील भारही शून्य असतो. सर्व भार बाह्य पृष्ठावरच राहतो. त्यामुळे बाहेरील क्षेत्राच्या दृष्टीने भरीव सळई व तेवढ्याच जाडीची पोकळ नळी यांत फरक नसतो. तसेच पृष्ठालगतचे क्षेत्र पृष्ठाला लंबच असावे लागते. ते तिरपे असते, तर पृष्ठावरील भार सरकला असता.

लांब दंडगोलाभोवतीचे क्षेत्र : एक सरळ, खूप लांब व गोल छेदाचा संवाहक घेऊन त्याच्या दर मीटर लांबीवर ल कूलंब भार आहे, असे मानू. अक्षाभोवती संवाहक फिरविला किंवा अक्षाच्या दिशेत पुढेमागे सरकविला, तरी मांडणीत काहीच बदल होत नाही. म्हणून क्षेत्राची दिशा सर्वत्र अक्षापासून सरळ बाहेर, म्हणजे अरीय, असली पाहिजे व अक्षापासून सारख्या अंतरावर त्याचे मूल्यही सारखे असले पाहिजे. सममितीचा हा विचार हाच या रीतीचा गाभा होय.

आता र त्रिज्येचा व एक मीटर लांबीचा, दोन्ही टोके बंद असलेला, समाक्ष दंडगोल कल्पावा. त्याच्या सपाट टोकांना क्षेत्र समांतर असल्याने त्यांतून स्रोत जात नाही. वक्र पृष्ठाला क्षेत्र सर्वत्र लंब आहे व त्याचे क्षेत्रफळ परिघाइतके (लांबी एक मीटर असल्यामुळे) आहे. म्हणून,

क्षेत्र × परिघ = ल ÷ अ

परिघ हा त्रिज्येच्या सम प्रमाणात असल्याने क्षेत्र हे अक्षापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात येते. आकडे घातल्यास क्षेत्र = १.८ × १०¹⁰ × ल ÷ र व्होल्ट प्रती मीटर असे मिळते. १.८ × १०¹⁰ × ल या राशीस स म्हटल्यास,

क्षेत्र = स ÷ र

असे सुटसुटीत सूत्र बनते. स व्होल्टमध्ये मोजला जातो. बिंदुभारापासून दुप्पट अंतरावर क्षेत्र एक-चतुर्थांश होते. तारेपासून दुप्पट अंतरावर ते निम्मेच होते. तारेचे क्षेत्र त्या मानाने सावकाश कमी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दंडगोल संवाहक नसून त्याच्या सर्व आकारमानात भार सारखा पसरलेला असेल, तर बाहेरील सूत्र तेच राहते. मात्र आतील क्षेत्र शून्य नसून ते अक्षापासून पृष्ठापर्यंत अंतराच्या सम प्रमाणात वाढत जाते.

या सूत्रात तारेची त्रिज्या कोठेच येत नाही. दर मीटर भार तोच असेल, तर बारीक तार व जाड नळी यांच्या बाहेरील क्षेत्रांत ठराविक अंतरावर फरक नसतो. परंतु बारीक तारेच्या पृष्ठापर्यंत पोहोचण्यासाठी अक्षाच्या अधिक जवळ जावे लागते व तेथे क्षेत्र फार मोठे असते. व्यवहारात भार ठरविता येत नाही, तर विद्युत् दाब ठरविला जातो. त्यामुळे भारावरून दाबाकडे जाणे आवश्यक ठरते.

समाक्ष दंडगोल : त त्रिज्येची तार न आंतरत्रिज्येच्या संवाहक नळीच्या अक्षावर ताणलेली असेल व दोहोंमधील दाब व व्होल्ट असेल, तर क्षेत्राची तारेपासून नळीपर्यंत बेरीज केल्यास,

व = स × लॉग (न ÷ त)

असे सूत्र मिळते. येथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगरिथम होय. बाहेरील नळीवरील भाराचा आतील क्षेत्रावर परिणाम होत नाही, कारण कल्पिलेल्या पृष्ठाच्या आत तो येतच नाही. नळीवरील भार तारेवरील भाराएवढा व विरुद्ध असेल, तर नळीबाहेरील क्षेत्र शून्य होते. समाक्ष केबलमधील संदेशाला बाहेरचा उपद्रव का होत नाही व तिचा बाहेर उपद्रव का होत नाही, याचे मूळ कारण हेच आहे.

गायगर–म्यूलर गणित्र (१९२८) हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याची तार ०.०५ मिमी. त्रिज्येची व नळी १० मिमी. त्रिज्येची असून दाब १,००० व्होल्ट आहे, असे धरू. न ÷ त हे गुणोत्तर २०० असल्याने त्याचा लॉगरिथम ५.३ येतो व स सुमारे १८९ व्होल्ट होतो. म्हणून तारेच्या पृष्ठावर क्षेत्र सुमारे ३८ लक्ष व्होल्ट प्रती मीटर, तर नळीजवळ ते केवळ १९ हजार व्होल्ट प्रती मीटर असते. याच दाबाचे दोन सपाट पत्रे १ सेंमी. अंतरावर ठेवले असते, तर क्षेत्र सर्वत्र १ लक्ष व्होल्ट प्रती मीटर असते. किरणाने सुटा केलेला इलेक्ट्रॉन तारेजवळच्या या प्रखर क्षेत्रात शिरला की, वायूच्या रेणूंवर आदळून इलेक्ट्रॉनांचा लोंढाच निर्माण करतो व एका किरणाची नोंद होते.

भूमिगत केबलमध्ये मात्र प्रखर क्षेत्र हा दोष ठरतो, कारण निरोधकावर सर्वाधिक ताण संवाहकाच्या पृष्ठालगत पडतो. बाहेरील आवरणाची त्रिज्या व दाब कायम ठेवून संवाहक फार बारीक घेतल्यास पृष्ठावरील क्षेत्र वाढते. फार जाड घेतल्यास निरोधकाचा थर पातळ होऊन ते पुन्हा वाढते. न हा त च्या २.७१८ पट असताना ते किमान असते. आवरणाची त्रिज्या ३ सेंमी. असेल, तर या दृष्टीने संवाहकाची त्रिज्या सुमारे १.१ सेंमी. असावी.

जमिनीवरील तार : प्रेषण तारेला बाहेरची नळी नसते, तिचे काम जमीन करते. सपाट जमीन हा संवाहक पृष्ठभाग मानल्यास तारेचे, उ उंचीवर असताना, जमिनीखाली तेवढ्याच खोलीवर विरुद्ध भाराचे प्रतिबिंब आहे असे समजून क्षेत्र काढता येते. या प्रतिमा पद्धतीचा पाया विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी घातला. तीवरून दाब = स × लॉग (२ उ ÷ त) आणि तारेच्या अगदी खाली जमिनीलगतचे क्षेत्र = २ स ÷ उ असे मिळते. प्रत्यावर्ती दाब सेकंदास ५० वेळा बदलत असला, तरी त्या कंप्रतेच्या तरंगाची लांबी ६,००० किमी. असल्याने प्रत्येक क्षणी स्थिर विद्युतीचेच सूत्र लावता येते. चंद्रपूर ते पडघे या १९९९ मध्ये कार्यान्वित झालेल्या ५०० किलोव्होल्टी (किव्हो.) एकदिश प्रेषण मार्गावर तर दाब स्थिरच असतो; तेथे मात्र तारेभोवती साचणारे आयनही विचारात घ्यावे लागतात.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस इ. औष्णिक केंद्रांत निर्माण होणारी वीज उघड्या तारांवरून नेली जाते. या तारा ॲल्युमिनियमच्या असून मजबुतीसाठी त्यांच्या गाभ्यात पोलाद असते, आणि त्यांच्या जाडीनुसार त्यांना प्राण्यांची नावे रूढ झाली आहेत. १३२ किव्हो. मार्गांवर योजली जाणारी ‘पँथर’ तार २१ मिमी., २२० किव्हो. करिता योजली जाणारी ‘झेब्रा’ २८.६२ मिमी., तर ४०० किव्हो. करिता योजली जाणारी ‘मूस’ ३१.७७ मिमी. व्यासाची असते. दाबाबरोबर व्यास का वाढवावा लागतो, हे पुढील गणितावरून स्पष्ट होईल.

१३२ किव्हो. मार्गावरील एका तारेचा जमिनीसापेक्ष कमाल दाब सुमारे १०८ किव्हो. असतो. ती सरासरी १० मी. उंचीवर असून शेजारच्या दोन तारांचा परिणाम दुर्लक्षिला, तर स सुमारे १४.३ किव्हो. येतो. तारेच्या पृष्ठावरील क्षेत्र दर सेंटिमीटरला १३.६ किव्हो. होते. कोरड्या हवेचे एकविध क्षेत्रात विद्युत् भंजन सुमारे ३० किव्हो. प्रती सेंमी. या मूल्याला होते, तेव्हा येथे पुरेशी सुरक्षितता आहे. ४०० किव्हो. करिता मात्र कमाल दाब ३२७ किव्हो. होतो. १५ मी. उंचीवर एकच ‘मूस’ तार वापरल्यास पृष्ठावरील क्षेत्र २७ किव्हो. प्रती सेंमी. हून अधिक येते. अमेरिकन अभियंता एफ्. डब्ल्यू. पीक यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केलेल्या प्रयोगांनुसार एवढ्या जाडीच्या गुळगुळीत तारेला सुमारे ३७ किव्हो. प्रती सेंमी. पर्यंत क्षेत्र सोसते. परंतु अनेक पदर वळून केलेल्या तारेसाठी ही मर्यादा सुमारे ०.८ पट होते व थेंब साचल्यावर ती आणखी खाली येते. मर्यादा ओलांडली की तारेलगतच्या हवेचे आयनीभवन होऊन निळसर प्रभा, सूंऽ असा आवाज व ओझोनाचा वास ही लक्षणे दिसू लागतात. याला किरीट विसर्जन म्हणतात. त्यात वीज वाया जाते व रेडिओच्या ग्रहणात अडथळा येतो. पावसाळ्यात वा दवाच्या पहाटे उच्च दाबाच्या तारा गुणगुणताना ऐकू येतात, त्या यामुळेच.

यावर तार प्रचंड जाड करण्याऐवजी दोन तारा सुमारे ४५ सेंमी. अंतरावर शेजारी टांगून त्यांना एकाच दाबावर ठेवतात. अशी जोडी सुमारे ८.५ सेंमी. त्रिज्येच्या एकाच नळीप्रमाणे वागते. वरील उदाहरणात अशा जोडीतील तारेच्या पृष्ठावरील कमाल क्षेत्र २७ वरून सुमारे १९ किव्हो. प्रती सेंमी. पर्यंत उतरते. मात्र याचे मोल द्यावे लागते. जोडीवरील एकूण भार वाढतो व त्याबरोबर स ४३ वरून ५६ किव्हो. पर्यंत जातो; म्हणून जमिनीलगतचे क्षेत्र पूर्वीपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी अधिक होते. तारेजवळचा ताण कमी करणारा उपाय जमिनीवरचा ताण वाढवितो, हे केवळ सूत्रावरून कळते. डोळ्यांना ते दिसत नाही.

शेतातील सुरक्षितता : अमरावती जिल्ह्यातील मोर्शी व वरुड हे तालुके संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे भूजल खोल गेले असल्याने बागांना पाणी देण्यासाठी ठिकठिकाणी विंधन विहिरी घेतलेल्या आहेत. फळांनी लवलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू देतात, पंप वर काढताना लांब नळ उभे करतात आणि तुषार सिंचनाचे नळ एका वाफ्यातून दुसऱ्यात नेतात. अशा शेतांवरून तार गेली असल्यास वरील गणिताला जीवनमरणाचा अर्थ प्राप्त होतो.

१३२ किव्हो. तारेची जमिनीपासूनची किमान उंची नियमानुसार ६.१ मी. असावी लागते. तार झोळ घेऊन या उंचीपर्यंत आली असेल, तेथे एका तारेच्या हिशेबाने जमिनीलगतचे कमाल क्षेत्र सुमारे ५ किव्हो. प्रती मीटर येते. प्रत्यक्षात तीन तारांचे परिणाम अंशतः एकमेकांना छेद देत असल्याने ते यापेक्षा कमी भरते. हवेचे भंजन होण्यास याच्या सुमारे ६०० पट क्षेत्र लागते. तेव्हा तारेखालून चालत जाणाऱ्या माणसावर वीज झेपावत नाही. परंतु ही सुरक्षितता केवळ अंतराची आहे; तारेवर निरोधकाचे आवरण नसते, हवा हेच तिचे आवरण असते. विंधन विहिरीचा लोखंडी नळ बहुधा सुमारे ६ मी. लांबीचा असतो. तो उभा धरला की त्याचे टोक थेट तारेच्या प्रखर क्षेत्रात जाते. नळ संवाहक असल्याने त्याची सर्व लांबी जमिनीच्याच दाबावर असते व ६ मीटरमध्ये विभागलेला १०८ किव्हो. दाब टोक व तार यांमधील उरलेल्या फटीवर एकवटतो. ही फट दहा-वीस सेंमी. राहिली, तरी प्रत्यक्ष स्पर्श न होता ठिणगी पडू शकते आणि सर्व प्रवाह नळ धरणाऱ्याच्या देहातून जमिनीत जातो. ओला किंवा हिरवा बांबूही याबाबतीत निर्धोक नसतो. म्हणून तारेखाली नळ आडवाच वाहून न्यावा व विंधन विहीर तारेखाली घेऊच नये.

तारेला समांतर गेलेले, सुक्या लाकडी खांबांवरील लांब तारकुंपण हेही याच क्षेत्रात असते. जमिनीपासून १ मी. उंचीवरील अशा कुंपणावर, ते पूर्णपणे निरोधित असल्यास, काही किलोव्होल्ट दाब प्रवर्तित होऊ शकतो. दर मीटरमागे मिळणारा प्रवाह अत्यल्प असला, तरी लांबीबरोबर तो वाढत जातो व स्पर्श करणाऱ्यास झटका बसतो. कुंपण ठराविक अंतरांवर जमिनीला धातूच्या सळईने जोडणे हा यावरील साधा उपाय होय.

इतर उपयोग : बारीक तारेजवळचे प्रखर क्षेत्र हेतुपुरस्सर वापरून धुरातील कण विद्युत् भारित करणे व ते नळीच्या भिंतीकडे ओढून घेणे, ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७ च्या सुमारास व्यवहारात आणली. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांत धुराड्यापूर्वी राख याच तत्त्वाने पकडतात. मात्र तेथे नळ्यांऐवजी पत्र्यांच्या रांगा व त्यांमध्ये टांगलेल्या तारा असतात. प्रेषण तारेत टाळावयाचे किरीट विसर्जन येथे मुद्दाम घडविले जाते.

नियमाच्या मर्यादा : गाउस नियम सर्वत्र खरा असला, तरी क्षेत्र काढण्यास तो सर्वत्र पुरेसा पडत नाही. आखूड तारेच्या टोकांजवळ क्षेत्र अरीय राहत नाही. कल्पिलेल्या दंडगोलातून जाणारा स्रोत कळतो, परंतु तो पृष्ठावर कसा विभागला आहे ते कळत नाही. तारेच्या मध्याजवळ मात्र सूत्र चांगले लागू पडते. तारेवर भार सारखा पसरलेला असल्यास लांबीच्या एक-दशांश अंतरावर सूत्राने काढलेले मूल्य प्रत्यक्षापेक्षा सुमारे २ टक्केच अधिक येते. उभ्या नळाच्या टोकाजवळ तर सममिती मुळीच उरत नाही. तेथील क्षेत्र संगणकावर अंकीय पद्धतींनीच काढावे लागते व ते सुटसुटीत सूत्राने दाखविलेल्या मूल्यापेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून सूत्र ज्या सममितीवर उभे आहे ती जेथे मोडते, तेथे त्याने दाखविलेली सुरक्षितताही मोडते, हे ध्यानात ठेवूनच त्याचा उपयोग करावयाचा असतो.